सुधारणा, निर्मूलन, पुनर्विकास

कायद्याची भाषा आपण साहित्याची माणसे सहसा वाचत नाही. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाच्या शीर्षकातच सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास असे तीन शब्द आहेत. ते शेजारी बसले असले, तरी त्यांचे सख्य नाही. सुधारणेला वस्ती जागेवर हवी असते. निर्मूलनाला ती नको असते. पुनर्विकास ती पुसून नव्याने मांडतो. पहिल्या शब्दाला अग्रमान मिळाला तो बहुधा शीर्षकातच, असे आमचे मत आहे.

हा फरक लातूरने खेड्यांच्या बाबतीत अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. भूमिहीनाला २५० चौरस फुटांचे घर, मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फुटांचे. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली माणसे चिरडली गेली होती. मजबूत घर हवेच होते. पण सरळ, रुंद रस्त्यांच्या आराखड्यात ढाळज, ओसरी, भावकीची गल्ली उमटली नाही. पुढे लोकांनीच पत्रे, आडोसे जोडून त्यांतले जमेल तेवढे परत आणले. त्याच कार्यक्रमात इतर गावांतील लाखाहून अधिक घरे मात्र अनुदान देऊन जागेवरच मजबूत करण्यात आली. घरमालक तेथे बघ्या नव्हता, कर्ता होता.

शहरालाही हे साधते. ज्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या सुमारास नांदेडला निधी मिळाला, त्याच अभियानात पुण्याच्या येरवड्यात वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी 'महिला मिलन'च्या स्त्रियांसह कच्ची घरे जागच्या जागी पक्की करण्याची रचना केली. घर सुमारे २७० चौरस फुटांचे. गल्ल्या आणि शेजार पूर्वीचेच.

२०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतही स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास अनुदान आहे. अडते ते 'स्वतःच्या' या शब्दापाशी. ज्याच्या नावे जागेचा कागद नाही, त्याला उत्तम रचनाकारही घर देऊ शकत नाही. म्हणून रेखाचित्राआधी पट्टा, हा आमचा आग्रह.

आणि एक काम आपलेही आहे. दळवींच्या 'चक्र'मधली झोपडपट्टी आपण वर्गात शिकवतो. नांदेड-लातूरच्या वस्त्यांतले ओटा, मोरी, कोनाडा, आडोसा हे शब्द मात्र टिपत नाही. यांतला प्रत्येक शब्द जागेचा एकेक उपयोग सांगतो. जो शब्द रचनाकाराच्या कानावर पडत नाही, ती जागा नकाशातून गळते.