वायफायची हवा सामायिक आहे

रात्री आठच्या सुमारास ठाण्या-पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांत नेट रडतखडत चालू लागते, तेव्हा बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय सुचतो: मोठा प्लॅन. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, बिल वाढते आणि आतल्या खोलीतला फोन पूर्वीसारखाच अडकतो. फायबर दारापर्यंत नीट आलेले असते. घोटाळा होतो तो राउटर आणि फोन यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांत, आणि ती हवा आपल्या एकट्याची नसते. म्हणूनच वायफायच्या सेटिंग्ज हा ज्याच्या-त्याच्या घरातला मामला समजणे मला चुकीचे वाटते. जिना, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यासारखाच तो इमारतीचा सामायिक प्रश्न आहे.

वायफाय ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. परवाना नाही, म्हणजे त्याला मालकही नाही. हा पट्टा सगळा मिळून जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात १३ चॅनेल आखलेली असली तरी ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला जागा लागते २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल व्यवहारात उरतात तीनच: १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. वेग कमी होतो, पण काम चालते. कुणी मध्येच ३ किंवा ४ नंबर लावला, की १ आणि ६ या दोन्हींवर नुसता गोंगाट होतो, माहितीचे तुकडे खराब होतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. त्यात एखाद्याने वेगाच्या आशेने चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ केली, तर जवळजवळ निम्मा पट्टा त्या एका घराने अडवला. शिवाय प्रत्येक राउटर आपले नाव सेकंदाला साधारण दहा वेळा जाहीर करत असतो, तेही बहुधा सर्वांत संथ गतीने. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू ठेवले की या घोषणा दुप्पट होतात. वीस घरांचा हिशेब करून पाहा.

सर्वांत मोठा गैरसमज ट्रान्समिट पॉवरबद्दल, म्हणजे राउटरच्या सिग्नलच्या जोराबद्दल आहे. ती पूर्ण ठेवली म्हणजे रेंज वाढते, असे सगळे धरून चालतात. पण वायफाय हे दुतर्फी बोलणे आहे. राउटरचा आवाज कितीही चढवला तरी फोनचा आवाज बारीकच राहतो. फोनवर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. तिकडे तोच चढा आवाज भिंतीपलीकडच्या घराला थांबायला लावतो. मग तो शेजारीही आपली पॉवर वाढवतो. कोपऱ्यातल्या खोलीला रेंज हवी असेल तर राउटर टीव्हीमागच्या कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवणे केव्हाही चांगले.

राउटर आपोआप चॅनेल निवडतो, मग आपण कशाला लक्ष घालायचे, असे कुणी म्हणेल. अनेक राउटर ही निवड फक्त सुरू होताना करतात आणि मग महिनोन्‌महिने तिथेच बसतात. जे वारंवार निवडतात, तेही फक्त स्वतःपुरते पाहतात. ५ गिगाहर्ट्झने प्रश्न सुटला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१८ मध्ये भारतात त्या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. जागा भरपूर आहे आणि या लहरी काँक्रीटच्या भिंतींतून फारशा जात नसल्याने शेजाऱ्याचा उपद्रवही कमी होतो. म्हणून लॅपटॉप आणि नवे फोन तिकडेच न्यावेत. पण स्वस्त कॅमेरे, प्रिंटर, स्मार्ट बल्ब आणि जुने फोन २.४ वरच राहतात, आणि जुना फोन घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलाला त्या पट्ट्यात स्वच्छ हवा मिळायलाच हवी.

हे सामान्य माणसाला जमणार नाही, हे मात्र मला बऱ्याच अंशी मान्य आहे. सेटिंग्जचे पान इंग्रजीत असते आणि कित्येक घरांत त्याचा पासवर्ड कनेक्शन देणाऱ्याकडेच राहतो. म्हणून पहिली जबाबदारी त्याचीच आहे. राउटर बसवायला येणाऱ्या माणसाने २.४ ची रुंदी २० वर आणावी, चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवावे, पॉवर घराच्या आकाराला बेताची करावी आणि पासवर्ड घरमालकाच्या हाती द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. सोसायटीच्या समितीनेही पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगनंतरचा विषय म्हणून हा घ्यावा, आणि कोणत्या मजल्याने कोणते चॅनेल वापरायचे ते ठरवून सूचना फलकावर लावावे.