एका प्रत्ययाची किंमत

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’, ‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’, ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’. इंग्रजीच्या तासाला ह्या जोड्या फळ्यावर येतात, विद्यार्थी त्या पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. ते विसरतात ह्याला माझा आक्षेप नाही. ह्या जोड्या केवळ चुका टाळण्यापुरत्या शिकवल्या जातात, ह्याला आहे.

‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित. हे वर्णन झाले. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात महत्त्व पावलेले. हा निवाडा झाला. ‘क्लासिकल’ हे विशेषण एखाद्या परंपरेचे किंवा कालखंडाचे नाव सांगते, ‘क्लासिक’ हे श्रेष्ठतेची ग्वाही देते. म्हणजे दोन अक्षरांच्या फरकात वस्तुस्थिती आणि मूल्य ह्यांच्यामधली सीमारेषा आहे. समीक्षेचा सारा व्यवहार ह्याच रेषेवर चालतो.

आपण मात्र दोन्हीकडे ‘ऐतिहासिक’ आणि ‘अभिजात’ हेच शब्द वापरून मोकळे होतो. परिणामी ‘ऐतिहासिक कादंबरी’ म्हटले की तिला आपोआप भव्यतेचे वलय लाभते. वास्तविक प्रत्येक हिस्टॉरिकल कादंबरी हिस्टॉरिक नसते, बहुतेक नसतातच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला ‘क्लासिकल’ भाषेचा दर्जा दिला, तेव्हाही हेच घडले. ह्या दर्जाच्या निकषांत भाषेची प्राचीनता आणि जुन्या ग्रंथांचा वारसा पाहिला जातो. आपण तो आजच्या मराठी साहित्याच्या गुणवत्तेचा दाखला समजलो. ‘क्लासिकल’ मिळाले आणि आपण ‘क्लासिक’ झाल्याचे पेढे वाटले.

संदर्भावरून अर्थ कळतो, असे कोणी म्हणेल. ‘गावातील ऐतिहासिक वाडा’ ह्या शब्दांवरून तो वाडा नुसता जुना आहे की तिथे काही घडले होते, हे सांगून दाखवावे!

ह्यात मराठीचे दारिद्र्य नाही. ‘इकॉनॉमिक’साठी ‘आर्थिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’साठी ‘किफायतशीर’ असा भेद आपण सहज करतो. पैशाच्या बाबतीत आपली भाषा चोख असते. इंग्रजीतही हे भेद मुळापासून नव्हते. एकाच अर्थाने वापरली जाणारी रूपे वापरातून हळूहळू वेगळी झाली. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात अशा जोड्यांची स्वतंत्र चर्चा केली आहे. आजही ‘हिस्टॉरिक प्रेझेंट’ ह्या व्याकरणातील संज्ञेत महत्त्वाचा काही संबंध नाही. तेव्हा नियम अपवादरहित आहे, असा माझा दावा नाही.

दावा इतकाच, की ‘इतिहासाधारित’ आणि ‘इतिहास घडवणारे’ हा भेद आपल्या लेखनात आपणच रुजवायला हवा. त्यासाठी शिक्षकांनी जोड्यांची यादी देणे थांबवावे आणि ह्या वाक्यात वर्णन कोणते, निवाडा कोणता, असे विचारावे. प्रत्यय नुसता पाठ करून भागत नाही. तो यावा लागतो.