छाप्याची बातमी आणि मालिशवाला

'मसाज सेंटरवर छापा' अशी बातमी मीही कैकदा दिलीय. वाचलीही भरपूर जाते.

परवा एसटी स्टँडमागचा मालिशवाला भेटला. दृष्टिहीन आहे, संस्थेत रीतसर शिकलाय. म्हणाला, "दादा, तुमची बातमी आली की आठवडाभर गिऱ्हाईक फिरकत नाही. बायको म्हणते, पाटीच काढा."

काय बोलणार?

याच माणसाने मागे एका काकांचा पाय चोळायला साफ नकार दिला होता. एकच पोटरी सुजलेली, हाताला गरम लागत होती. शिरेत गुठळी असली तर चोळल्याने सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरकडे पाठवलं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. कुठे दाबायचं नाही हे कळणं, हेच खरं कसब. (आपल्याला मात्र 'अजून जोर लाव' एवढंच ठाऊक!)

दरफलक लावतो, बीपी-शुगर, ऑपरेशन विचारतो, अंगावर चादर ठेवतो, विचारल्याशिवाय हात लावत नाही. 'गुडघा कायमचा बरा करतो' असली थाप मारत नाही.

नगरपरिषदेने अशांची प्रमाणपत्रं तपासून नोंद ठेवायला काय हरकत आहे? आणि मी? यापुढे छाप्याच्या मथळ्यात 'मसाज' नाही, गुन्हा काय तेच लिहीन.