जिल्हा ‘जालना’ निवडला, पण तालुके येईनात! दोष नेहमी नेटवर्कचाच असतो का?

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत आधी १८ नोव्हेंबर २०२५ होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. महिन्याला १५०० रुपयांचा प्रश्न! अशी शेवटची तारीख जवळ आली की कोणी मोबाईल घेऊन गच्चीवर चढतं, कोणी मजुरी बुडवून सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहतं.

अशाच एका घाईत मी परतूरला काकूंचा फॉर्म भरत होतो. साइट वेगळी होती, पण त्रास ओळखीचा. जिल्हा निवडला आणि चक्र फिरतच राहिलं. काकू म्हणाल्या, “रेंज नसंल रे.” मी लॅपटॉपला हॉटस्पॉट जोडून ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला. जास्त वेळ सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यातच जात होता. आणि आठ तालुक्यांच्या नावांसाठी अख्ख्या फॉर्मचं एचटीएमएल परत येत होतं!

पूर्ण पान पुन्हा लोड न करता फक्त हवा तो भाग मागवणं म्हणजे एजॅक्स. हे नाव २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी दिलं. यात एक गोम आहे. साध्या पानात एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. पण उत्तर एक्सएमएल म्हणून आलं, तर एका चुकीवरही गाडी अडते. म्हणून जावाच्या रिचफेसेससारख्या फ्रेमवर्कमध्ये सर्व्हरवरच एचटीएमएल दुरुस्त करणारा फिल्टर असायचा. पर्याय तीन:

* टाइडी: कसून दुरुस्ती करतो, पण वेळ खातो.
* नेको: वेगवान, पण दुरुस्ती तेवढी कडक नाही.
* फिल्टरच नाही: सगळ्यात जलद, पण एचटीएमएल चोख हवं. नाहीतर पान मोडतं.

एरवी ही दिरंगाई जाणवतही नाही. शेवटच्या दिवशी हजारो लोक एकदम आले की प्रत्येक क्लिकमागे तीच दुरुस्ती पुन्हा होते आणि सर्व्हरला धाप लागते.

माझ्या मते सरसकट एकच फिल्टर लावणं चूक आहे. जी पानं तपासून चोख केलीत, तिथे फिल्टर बंद ठेवा. जिथे बाहेरून आलेलं एचटीएमएल दाखवायचंय, तिथेच टाइडी लावा. रिचफेसेसमध्ये पानागणिक अशी निवड करता यायची. त्या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०१६ मध्ये संपला, पण सपोर्ट संपला म्हणून जुनी साइट काही त्याच दिवशी बंद होत नाही. नवी साइट बांधत असाल तर एचटीएमएल पाठवूच नका, जेसन पाठवा. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी: ही आठही नावं दोनशेपेक्षा कमी बाइटमध्ये बसतात.

आणि तुम्ही काय करायचं? आधी दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती झटकन उघडली, तर दोष बहुधा तुमच्या रेंजचा नाही. बटण सारखं दाबू नका, कारण प्रत्येक वेळी नवी रिक्वेस्ट जाऊ शकते. फॉर्म रात्री उशिरा किंवा पहाटे भरा. आणि हो, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. काकूंचा फॉर्म शेवटी पहाटे साडेपाचला भरला गेला!