प्रतिसादाअभावी

‘हल्लीच्या मुलांना हौसेच्या उड्डाणात रस उरलेला नाही’ हे विधान सिद्धान्तासारखे उच्चारले जाते. बंगळुरूत तरी ते मला मान्य नाही. १९९६ पासून येलहंका येथे भरत आलेल्या एअरो इंडियाला लोटणारी तरुणांची गर्दी ज्याने पाहिली, त्याने असे म्हणू नये. आवड आटलेली नाही. वाट बुजली आहे.

ही वाट याच शहराने पाडली होती. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने घडविलेले दोन आसनी ‘पुष्पक’ १९५८ साली उडाले, ते प्रामुख्याने फ्लाइंग क्लबांसाठी. पुढे येथेच घडलेले ‘हंसा’ही क्लबांकडे गेले.

जक्कूरची शासकीय उड्डाण प्रशिक्षण शाळा युवक व क्रीडा खात्याच्या कक्षेत चालत आली. पण उड्डाणातील क्रीडा मात्र हरवली. खासगी परवान्यास ४० तास पुरतात, व्यावसायिक परवान्यास २०० लागतात. पालक कर्ज काढतात ते नोकरीच्या आशेने. निव्वळ आनंदासाठी कोण काढील? त्यात एकीकडे येलहंकाचा हवाई तळ, दुसरीकडे २००८ साली सुरू झालेला देवनहळ्ळीचा विमानतळ. हौशी वैमानिकाच्या वाट्याला आकाशही तोकडेच.

पोहण्याचा तलाव बांधताना प्रत्येक मुलाने ऑलिंपिक गाठावे अशी अट आपण घालत नाही. मग उड्डाणालाच नोकरीची अट का? आठवड्यातील काही तास, सवलतीच्या दरात, हौशी विद्यार्थ्यांसाठी राखणे प्रशासनाला अशक्य नाही. ते न करता फायलीवर ‘प्रतिसादाअभावी’ असा शेरा मारणे म्हणजे दार लावून घेऊन पाहुणे येत नाहीत अशी तक्रार करणे होय.