प्रजासत्ताकाच्या पदरी तीन राजे

फ्रान्सचे माननीय राष्ट्राध्यक्ष यांस,



पॅरिसने १७९३ साली राजाचे मुंडके उडवले, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्याच फ्रान्सच्या पदरी आजही तीन राजे आहेत आणि त्यांना सरकारी तिजोरीतून तनखा मिळतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. पॅसिफिकमधल्या वालिस बेटावर उवेआचा राजा. फुतुनावर आलो आणि सिगावे या राज्यांचे दोन. सगळी वस्ती बारा हजारांच्या आत.

उवेआच्या राणी आमेलियाने १८८७ मध्ये फ्रान्सचे संरक्षण पत्करले. १९५९ च्या सार्वमतात लोकांनी फ्रान्समध्ये राहायचे ठरवले, आणि १९६१ च्या कायद्याने त्यांच्या रूढींना हमी दिली. हमीला शेपूट होतेच: कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांना बाधा येत नसेल तर! प्रादेशिक परिषदेत हे राजे उपाध्यक्ष, अध्यक्ष मात्र पॅरिसने धाडलेला प्रशासक.

उवेआच्या राजाला ‘लावेलुआ’ म्हणतात. माता-उतु गावात त्याचा वाडा कॅथेड्रलला खेटून उभा आहे. २००५ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना एकाचा जीव घेतल्याबद्दल दोषी ठरलेला राजाचा नातू याच वाड्यात लपला. राजे तोमासी कुलिमोएतोके त्याला पोलिसांच्या हवाली करीनात. समर्थक रस्त्यावर, विरोधक नवा राजा शोधायच्या मागे. अखेर नातू तुरुंगात गेला, राजे गादीवरच राहिले. त्या वेळी नातवाला हवाली करा हे पॅरिसचे म्हणणे कायद्याचे राज्य म्हणून रास्तच होते. वाडा म्हणजे काही अभयारण्य नव्हे.

गादीचा प्रश्न मात्र निराळा आहे. राजा निवडायचा आणि उतरवायचाही, तो तिथल्या सरदार घराण्यांनी. २०१४ मध्ये त्यांनी तेव्हाच्या लावेलुआला पायउतार केले. २०१६ मध्ये तट पडून दोन राजे झाले: तोमिनिको हालागाहू आणि पातालिओने कानिमोआ. फ्रेंच सरकारने कानिमोआंना मान्यता दिली. ज्याला मान्यता त्याला तनखा आणि परिषदेतली खुर्ची, मग भांडणाचा निकाल कुणी लावला म्हणायचा?

घाई कशाची होती? मधल्या दीड वर्षात गादी रिकामी होती, तरी किवालू, म्हणजे राजाचा पंतप्रधान, कारभार पाहतच होता. म्हणून पुढे कधी पुन्हा दोन दावेदार उभे राहिले, तर आपल्या प्रशासकांना एवढेच सांगावे, की घराण्यांचे एकमत होईपर्यंत मान्यतेचे पत्र आणि तनखा दोन्ही रोखून धरा.

कळावे,
एक मराठी वाचक