झोपण्याआधी एक बटण

रात्री झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी शरीफमध्ये आहे. आता चिमणी गेली, अ‍ॅम्प्लिफायर आला. नात ऐकून झाली की आपण आवाज बंद करतो. भिंतीवरचे बटण चालूच. वर अम्मीने विणलेला रुमाल, म्हणजे गरम हवा बाहेर जायची भोकेच झाकलेली. फ्यूज उडाला की तांब्याची तार गुंडाळतो. वीज जास्त वाहिली तर स्वतः वितळून घर वाचवणे, हेच फ्यूजचे काम. जाड तार वितळत नाही, आतल्या वायरी तापतात. मग आग लागली की तकदीर! नाही, हा गाफीलपणा आहे. रुमाल काढा, योग्य अँपिअरचाच फ्यूज बसवा आणि इशानंतर झोपण्यापूर्वी बटण बंद करा.